बिनतिकीट

...तिथेच, बरोब्बर तिथेच थांबतं बघा — नाही नाही, ते मागचं झाकण उघडू नका, मागच्या खेपेला तुमच्या दुकानातून दुसरे गृहस्थ आले होते, त्यांनीही आल्या आल्या झाकणच उघडलं, धूळ झाडली, पुन्हा स्क्रू पिळले आणि म्हणाले, काका, झालं — काय झालं? ते जिना उतरले, मी सिनेमा लावला, आणि पुन्हा तिथेच. बातम्या चालतात, गाणी चालतात, मॅच चालते, फक्त हा एक सिनेमा आणि त्यातली ही एक जागा. बसा ना, उभ्या उभ्या काय कळणार तुम्हाला? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. हां. आता बघा, माणसाचं तोंड उघडं आहे की नाही? टोपीवाला, छातीवर तिकिटांचं यंत्र, एक हात वर घंटेच्या दोरीकडे, आणि तोंड असं आ वासलेलं. काहीतरी बोलणार आहे तो. तो बोलला की खाली आपल्या भाषेत ओळ येणार. आणि तेवढ्यात ठप्प. रिमोट ना? असेल इथेच कुठेतरी, सापडेल हो, रिमोटला काय पाय फुटतात — आधी चहा घ्या, टाकलेलाच आहे, आता नाही म्हणालात तर मला दोन कप प्यावे लागतील.

तुम्हाला वाटेल हा म्हातारा असला काळापांढरा इंग्रजी सिनेमा कशाला बघतो, नाही का? वाटू द्या. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. माझ्या मुलीने पाठवला, पेनड्राइव्हमध्ये घालून. पाकिटात तेवढंच, बाकी काही नाही, दोन ओळीसुद्धा नाहीत. खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात, त्यांनी टीव्हीत खोचून दिला आणि ड्यूटीवर पळाल्या. आणि बघतो तर काय, जुनं इंग्लंड, पण राणीबिणी नाही, राजवाडा नाही — धुराडी, ओले रस्ते, एकाला एक चिकटलेली घरं, सगळी एकसारखी, दारू पिऊन आलेला माणूस शेजारच्याच घरात शिरेल अशी. आणि त्यातल्या एका घरात कोण? कंडक्टर. दुमजली बसचा कंडक्टर, त्याची बायको नाही, एक मुलगी आहे. मी सरळ उठून बसलो. काय आहे, मी पण कंडक्टर, सगळी नोकरी बसच्या दारात उभ्याने काढली. पाय बघा माझे, या शिरा. ह्या नोकरीने दिलेल्या.

म्हणून मी त्याचं काम बघत होतो, सिनेमा राहिला बाजूला. बस मागून उघडी आहे त्यांची, दारच नाही, नुसता दांडा. गर्दीत जिन्यावरून वर जातो, खाली येतो, कुणाचा धक्का लागू देत नाही. चांगला आहे माणूस कामाला. आणि घंटा तीच हो! एक दिली की थांब, दोन दिल्या की निघ. माझ्या अंगावर काटाच आला, खोटं नाही सांगत. आणि दोन देण्याआधी तो मान वळवून बघतो, सगळ्यांनी नीट धरलंय की नाही — हे सगळे करत नाहीत बरं का, नवे तर मुळीच नाही, चढला की दिली घंटा, म्हातारी माणसं पडली तर पडली. हा बघतो. मग दोरी ओढतो. मी मनात म्हटलं, वा रे गड्या.

तर आता गोष्ट ऐका, म्हणजे बिघाड कुठे आहे ते कळेल तुम्हाला. ती मुलगी जाते लॉन्ड्रीत कामाला. आपल्या गल्लीतल्यासारखी नाही — मोठा कारखाना, हॉटेलांच्या चादरी येतात, वाफ इतकी की माणसाला माणूस दिसत नाही. अख्ख्या गल्लीतल्या बायका तिथे. बापानेच चिकटवलंय तिला, कुणाच्या तरी हातापाया पडून. आणि पोरगी कशी, सतराची, तोंडाने फटकळ, केस स्वतःच कात्रीने कापलेले, एका बाजूला आखूड, एका बाजूला लांब. तिथली मुकादमीण एक दिवस एका म्हाताऱ्या बाईला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलते, चादर फाटली म्हणून. सगळ्या खाली माना घालून इस्त्री करतात. आणि ही काय करते? ओली चादर घेते, काळ्या रंगात ब्रश बुडवते, त्यावर लिहिते — आम्हालाही कान आहेत — आणि देते सोडून खिडकीतून खाली रस्त्यावर, लोंबती. खालून बापाची बस चाललेली. बसच्या वरच्या मजल्यावरचे लोक काचेतून बघतात, हसतात, टाळ्या वाजवतात, आणि बाप बिचारा खाली तिकिटं देतोय, त्याला पत्ताच नाही की कशाला हसताहेत. मला फार लागलं ते. तुम्ही हसू नका. बरं, हसा, हसण्यासारखंच आहे.

आणि आता माझी गंमत. त्या कंडक्टरच्या बसमध्ये गर्दी होते, लोक दारात अडून उभे, आणि तो ओरडतो. इंग्रजीत काय ओरडतो देव जाणे, पण खाली ओळ येते — 'आत जागा आहे, दारात काय संसार मांडलाय?' अहो, हे माझं वाक्य! अख्ख्या डेपोत विचारा, दारात संसार कोण म्हणायचं, तर माझंच नाव सांगतील. मी हसलो. म्हटलं, बघा, जगभरचे कंडक्टर सारखेच. पुढे एक जण मोठी नोट काढतो, तर खाली ओळ — 'मी काय बँकेचा जावई आहे?' हेसुद्धा माझंच. मला इतका आनंद झाला, सिनेमा तिथेच बंद केला, दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रायव्हरला बोलावून आणलं. माझा ड्रायव्हर म्हणजे — आमच्यात जोडी असते, एक कंडक्टर, एक ड्रायव्हर, वर्षानुवर्षं तीच. बायकोपेक्षा जास्त वेळ मी त्याच्या पाठीकडे बघून काढलाय. त्याला दाखवलं, म्हटलं, बघ, साहेबाच्या देशातही आमचीच भाषा. तो गप्प बसून बघत होता. मग म्हणाला, 'अरे येड्या, ही साहेबाची भाषा नाही. ही तुझी आहे. कुणीतरी तुझं ऐकून लिहिलंय हे.'

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्या खालच्या ओळी तिकडून छापून येत नाहीत. इथे कुणीतरी बसून लिहितं. आणि माझी मुलगी तेच करते — इथे होती तेव्हा तिने सांगितलं होतं मला, एकदा नाही, कितीतरी वेळा, की बाबा, मी सिनेमाखाली ओळी लिहायला शिकतेय, आणि मी म्हणायचो, हो का, बरं. ऐकलंच नव्हतं हो मी. कानावरून गेलं. मला वाटायचं, हा काय धंदा? लोक वरचं चित्र बघतील की खालचं वाचतील?

ड्रायव्हर? तो गेला मुलाकडे राहायला. चांगलं झालं त्याचं. फोन करतो कधी कधी, पण त्याला फोनवर बोलता येत नाही, आयुष्यभर तो समोर बघून गप्प आणि मी मागे बडबडत, अशीच सवय. घ्या ना चहा, निवतोय.

लहानपणी ती माझ्याच बसने शाळेतून यायची. माझी सीट असायची ना पुढच्या दाराशी, नावापुरती, तिच्या शेजारी उभी राहायची, दप्तर माझ्या मांडीवर. घरच्यांना पास असतो आमच्यात, पण मी तिला रोज तिकीट फाडून द्यायचो, अर्धं, माझ्या खिशातून. लोक बघतात, कंडक्टरची पोर फुकट बसली म्हणतील. तिला वाटायचं हा खेळ आहे. घरी सगळी तिकिटं डब्यात साठवायची. त्यावरूनच मी तिला अर्धुली म्हणायला लागलो. अर्धं तिकीट म्हणून अर्धुली. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालायचं नाही तिला, आईनेही नाही. मोठी झाली, मग मीच सोडून दिलं. कॉलेजातल्या मुलीला चारचौघांत काय अर्धुली म्हणणार?

तिची आई गेल्यावर मी तिला डेपोच्या ऑफिसात चिकटवलं. कायमची नोकरी, सावलीतलं काम, दुपारी जेवायला घरी. मी किती जणांना हात जोडले असतील ते मला माहीत. ती गेली, काम केलं, तक्रार नाही. मला वाटलं, रुळली. आणि एक दिवस सकाळी बघतो तर दारात बॅग घेऊन उभी. म्हणाली, बाबा, मी नोकरी सोडलीय, मी शहरात जातेय, सिनेमाचं काम मिळालंय. शांतपणे म्हणाली, आवाज चढवला नाही. आणि उभी राहिली. अशी, तिथे, तुम्ही चप्पल काढलीत ना, तिथेच. मी काही बोलेन म्हणून थांबली होती. आणि मी — अहो, हजार लोकांशी एका दिवसात बोलणारा माणूस मी, तोंडाचा पट्टा म्हणून ओळखायचे मला — माझी दातखीळ बसली. रागावलो असतो तरी चाललं असतं. जा म्हटलं असतं तरी चाललं असतं. काही नाही. हाताने मी पेपराची घडी घालत राहिलो. तिने वाट बघितली, पुरेशी बघितली, मग बॅग उचलली आणि जिना उतरली. त्यानंतर तिचा सणावाराला — छे, कशालाच फोन नाही. म्हणजे मीही नाही केला. माझ्या बहिणीला करते, आत्याला. बहीण मला सांगते, बरी आहे, खोली बदलली, दाढ दुखत होती, काढली. दाढ काढली हेसुद्धा मला बहिणीकडून कळायचं.

असो. कुठे होतो आपण? हां, बिघाड. शेवटाकडे त्या इंग्रज पोरीचं काम सुटलेलं असतं, त्या चादरीपायी बाकीच्या बायकांचीही मजुरी कापलेली, म्हणून गल्ली बापाशी बोलत नाही, बाप पोरीशी बोलत नाही. एका ताटलीत जेवणार नाहीत अशी दोघं एका स्वयंपाकघरात, नुसता भांड्यांचा आवाज. आणि एका सकाळी ती त्याच्याच बसमध्ये चढते. हातात पेटी. आणि त्या दिवशी बसमध्ये तपासनीस! वहीबिही घेऊन उभा, मिशीवाला. बाप येतो, दुसऱ्या कुणाला विचारावं तसं तिला विचारतो, तिकीट? ती म्हणते, काढणार नाही. पैसे नाहीत का? आहेत. काढणार नाही. सगळी बस वळून बघते. तपासनीस घसा खाकरतो. नियम काय सांगतो? नियम सरळ आहे, जगात कुठेही जा — बिनतिकीट दिसला की एक घंटा, गाडी थांबवा, उतरवा. मीही उतरवलेत, रडणारे, शिव्या देणारे, पाया पडणारे. आणि ती पोरगी बापाकडे बघून म्हणते, खाली ओळ येते — 'बाबा, तुम्ही अख्ख्या गावाला विचारता, कुठे जायचंय? मला कधी विचारलंत?'

'तुम्ही' म्हणते हो. इंग्रज पोरगी बापाला अहोजाहो करते. माझी करते तसं.

ते वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. कारण खरं आहे ते. माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसरं काय केलं? कुठे? कुठे जायचं? तुम्हाला कुठे? आजी, तुम्ही कुठे? झोपलेल्याला हलवून विचारलंय मी, कुठे? आणि घरात जी उभी होती दप्तर घेऊन, तिला कसं विचारणार, तिला तर घरीच यायचं होतं ना माझ्याबरोबर? मला तसंच वाटत आलं होतं. आणि मग त्या बापाचा चेहरा येतो मोठा, पडदाभर. हात वर दोरीकडे जातो. एक देणार की दोन, कळत नाही. तोंड उघडतो. आणि —

आणि हे असं. थांबलेलं.

काय म्हणता? कोपऱ्यात? हो, त्या दोन उभ्या रेघा ना, दिसतात मला. मला वाटलं त्या सिनेमातल्याच आहेत. ...बरं. नाही वाटलं. हा घ्या रिमोट, खिशातच होता माझ्या. टीव्हीला काही झालेलं नाही, मला माहितीये. तुम्ही चांगले आहात, मघाशीच ओळखलंत, पण चहा संपेपर्यंत बोलला नाहीत. मागच्या गृहस्थांनी रिमोट बदलून दिला मला, नवा, मी घेतला बापडा. तुमच्या येण्याजाण्याचं जे काय असेल ते देतो मी, फसवत नाही. पण खोटं बोलून बोलावलं ते बोलावलंच. काय करू? शेजारी सांगू कुणाला, की या हो, एक ओळ वाचायला या?

मीच थांबवतो ते. दर वेळी. अंगठा आपोआप जातो. त्याने काय म्हटलंय ते इंग्रजीत ठरलेलंच असेल, कुणी तरी जुन्या काळात लिहून ठेवलेलं, त्याची मला भीती नाही. पण खाली काय येणार ते तिने लिहिलंय. माझी वाक्यं उचलून तिने त्या माणसाच्या तोंडात घातलीत सगळा सिनेमाभर. आणि हा जो तोंड उघडून उभा आहे, हा मीच आहे, त्या सकाळचा. मी जे बोललो नाही तिथे तिने काय ऐकलं असेल? तिला काय वाटलं असेल, बाबा गप्प आहेत म्हणजे मनात काय म्हणताहेत? 'उतर' म्हणताहेत, असंच ना? दुसरं काय वाटणार? आणि ते तिथे लिहिलेलं असेल तर मी ते वाचायचं, एकट्याने, ह्या खोलीत, मग टीव्ही बंद करायचा आणि कपबशी विसळायची? नाही जमत. तुम्ही नका उठू. तुम्हाला दुसरीकडे जायचंय, माहितीये, सगळ्यांनाच असतं. एवढं एक करा. मी खिडकीशी उभा राहतो, तिकडे तोंड करून. तुम्ही ते बटण दाबा आणि ओळ आली की मोठ्याने वाचा. जे असेल ते. माझ्या तोंडाकडे बघून गोड करून सांगू नका, लोकांचा खोटा स्वर मला लगेच कळतो, तेवढं एक शिकलोय. दाबा.

...

वाचा ना. आली का ओळ?

काय? — नाही, पहिलं कळलं मला, 'घट्ट धर गं', ते कळलं. पुढे काय म्हणालात? पुढचा शब्द. काहीतरी चुकीचं छापलंय म्हणता? तसाच वाचा, जसा आहे तसा, एकेक अक्षर. ...अ. र्धु. ले.

नाही. ती छपाईची चूक नाही. थांबवा, थांबवा जरा — नको, थांबवू नका, चालू द्या. 'घट्ट धर गं, अर्धुले.' असं आहे ना? पुन्हा वाचा एकदा. हे मी म्हणायचो हो, तिला, रोज, दोन देण्याआधी. ती दांडा सोडून तिकिटाशी खेळत बसायची, आणि मी मान वळवून म्हणायचो, घट्ट धर गं, अर्धुले, आणि मगच — ऐकलंत? ऐकलंत ना? टिंग टिंग. दोन दिल्या त्याने. तपासनिसासमोर दोन दिल्या! आणि ती बसमध्येच आहे? सांगा ना, मला इथून दिसत नाही, डोळ्यांना काय झालंय कोण जाणे — बसलीय ना ती? बिनतिकीट? आणि गाडी चाललीय?

बरं. बरं.

तो फोन द्या इकडे, टेबलावरचा. माझ्याकडे आहे तिचा नंबर, बहिणीने दिलेला, पाठ आहे, करायचा तेवढा राहिला होता. आता काय, मला एकच विचारायचंय तिला. एकाच शब्दाचं काम आहे, अख्खी नोकरी विचारत आलो तो. — अहो, तुम्ही बसलात काय अजून? ऐकल्यात ना, दोन झाल्या. दोन झाल्या की थांबायचं नसतं. पिशवी राहिली तुमची, ती घ्या. दार नुसतं लोटून घ्या. चला, निघा, निघा, दारात संसार मांडू नका — तिकडे रिंग जातेय.